सुनीताबाई : रंगमंचावरच्या आणि रंगमंचामागच्या

दळण, स्वयंपाक, शेत उरकून रेडिओजवळ बसलात ना? आज ओळख करून घेऊ सुनीता देशपांडे यांची.

पु. ल. देशपांडे हे नाव बहुतेकींनी ऐकलं असेल. लोकांना पोट धरून हसवणारे लेखक, नट, गायक. ‘गुळाचा गणपती’ या १९५३च्या सिनेमाची कथा, संगीत, दिग्दर्शन त्यांचंच, आणि नायकही तेच! सुनीताबाई त्यांच्या पत्नी. पण एवढीच त्यांची ओळख नाही.

माहेर रत्नागिरीचं. कोवळ्या वयातच त्या १९४२च्या स्वातंत्र्यलढ्यात उतरल्या. १२ जून १९४६ला लग्न झालं तेही नोंदणी पद्धतीनं. ना मांडव, ना मानपान, ना हुंडा. लग्नापायी कर्ज काढणाऱ्या आपल्या गावांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

१९४८ साली ‘वंदे मातरम्’ सिनेमात दोघांनी मिळून काम केलं. ‘सुंदर मी होणार’ या नाटकातही सुनीताबाई होत्या. मराठी कवींच्या कविता त्या मंचावरून अशा म्हणत की न शिकलेल्या माणसालाही अर्थ उमगावा.

पण त्यांचं बरंच काम पडद्यामागे राहिलं. ‘बटाट्याची चाळ’, ‘वाऱ्यावरची वरात’ यांचे प्रयोग गाजले. टाळ्या मंचावर पडत. व्यवस्था, हिशोब आणि शिस्त सुनीताबाई सांभाळत. शेतात निंदणी बाईची आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याला काय नवीन आहे?

१९९० साली त्यांचं ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक आलं. नावाजलेल्या नवऱ्याबद्दल प्रेमानं लिहिलं, आणि जे खटकलं तेही लिहिलं. स्वतःलाही सोडलं नाही. बरेच वाचक चकित झाले, काही नाराजही झाले. घरातलं असं उघड्यावर मांडावं का, असं विचारणारेही निघाले. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून समाजाला जाब विचारला होता. सुनीताबाईंनी तो प्रश्न घराच्या उंबऱ्याआत नेला. प्रेम असलं तरी हिशोब मागता येतो, हे त्यांनी दाखवलं.

कमावलेला पैसा दोघांनी समाजासाठी खर्च केला. १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, त्याला त्यांच्या प्रतिष्ठाननं मदत केली. दारूनं संसार कसे मोडतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पु. ल. २००० साली गेले, तेही १२ जूनलाच. सुनीताबाई २००९ साली गेल्या.

आता एक काम करा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत पैशांच्या नोंदी झाल्या की वहीचं एक कोरं पान उघडा. दिवसभरात घरात आणि शेतात आपण काय काय केलं, ते प्रत्येकीनं सांगायचं आणि लिहिता येणारीनं लिहून घ्यायचं. ते पान घरी मोठ्यानं वाचून दाखवा.