रोहिणीचे पाणी आणि प्रेह विहारचा कडा

दोन देशांत तंटा झाला की आपल्याकडे चर्चा होते ती तोफांची आणि विमानांची. परंतु देशादेशांतील तंटे मिटवण्यासाठी कायदा आहे, नेदरलँडमधील हेग शहरात आंतरराष्ट्रीय न्यायालय आहे, ही गोष्ट आपल्या घराघरांत पोचलेली नाही. म्हणून एका तंट्याची हकीकत आम्ही येथे देत आहोत. हा तंटा थायलंड आणि कंबोडिया यांचा आहे. दोन्हीकडील बहुसंख्य जनता बौद्ध आहे, म्हणून तो आपल्या जिव्हाळ्याचा.

या देशांच्या सीमेवरील डांगरेक डोंगराच्या कड्यावर प्रेह विहार हे ख्मेर राजांच्या काळातील शिवमंदिर आहे. १९०४ साली सयाम, म्हणजे आजचे थायलंड, आणि कंबोडियावर सत्ता असलेले फ्रेंच यांच्यात करार झाला. डोंगरावरचे पाणी ज्या रेषेपासून दोन बाजूंना वाहते ती सीमा, असे ठरले. पुढे फ्रेंच अधिकाऱ्यांनी नकाशा काढला, त्यात मंदिर कंबोडियाकडे गेले. १९०८ मध्ये नकाशे सयाम सरकारला मिळाले. सरकारने हरकत घेतली नाही. उलट आपल्या प्रांताधिकाऱ्यांसाठी आणखी १५ प्रती मागितल्या.

१९५३ साली कंबोडिया स्वतंत्र झाला, तर मंदिरावर थायलंडने आपले पहारेकरी बसवले. १९५९ मध्ये कंबोडिया न्यायालयात गेला. थायलंडचे म्हणणे असे, की नकाशाच चुकीचा आहे. न्यायालयाने १५ जून १९६२ रोजी ९ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला : इतकी वर्षे तुम्ही नकाशा मानलात, आता नाही म्हणता येणार नाही. मंदिर कंबोडियाचे.

सातबाऱ्यावर चुकीची नोंद पडली आणि मुदतीत हरकत घेतली नाही, तर काय हाल होतात हे आपल्या लोकांना सांगायला नको. देशांचेही तसेच आहे. म्हणून कोणत्याही देशाचे परराष्ट्र खाते शेजाऱ्याच्या प्रत्येक नकाशावर, प्रत्येक पत्रावर लेखी निषेध नोंदवत असते. गप्प बसणे म्हणजे संमती, हे त्यांना ठाऊक असते.

न्यायालयाजवळ पोलीस नाहीत, सैन्य नाही. तरीही थायलंडने, रागाने का होईना, मंदिर सोडले. बलाढ्य देशाने नुकत्याच स्वतंत्र झालेल्या लहान शेजाऱ्यापुढे माघार घेतली, ती कायद्यामुळे. जगात पत राखायची असते आणि उद्या त्याच कायद्याची गरज आपल्यालाही पडू शकते, हे सर्वच सरकारे जाणतात.

पण या कायद्याला मर्यादाही आहे. दोन्ही देशांची संमती असल्याशिवाय न्यायालय खटला चालवू शकत नाही. थायलंडने पूर्वी दिलेली संमती पुढे चालू ठेवली नाही. २००८ मध्ये मंदिर जागतिक वारसा यादीत गेले आणि चकमकी सुरू झाल्या. तेव्हा कंबोडियाने २०११ साली जुन्याच निकालाचा अर्थ सांगा, असा अर्ज केला. त्याला नवी संमती लागत नव्हती. २०१३ साली मंदिराभोवतालचा कड्याचा भागही कंबोडियाचा ठरला. मात्र सीमेवरील इतर जागांचा वाद तसाच राहिला. २०२५ साली कंबोडिया म्हणाला, न्यायालयात चला. थायलंड म्हणाला, आपण दोघेच बसून बोलू. बोलणे राहिले बाजूला आणि जुलैत पाच दिवस तोफा धडाडल्या, डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई झाली. कित्येक माणसे मेली, लाखो लोकांना घरे सोडावी लागली. २७ डिसेंबरला पुन्हा युद्धबंदी झाली. मेले ते कोण? शेतकऱ्यांची आणि मजुरांची मुले.

आपला देशही पाकिस्तानशी असलेले वाद दोघांतच मिटवावेत असे म्हणतो. पण कुलभूषण जाधव यांना फाशीची शिक्षा झाली तेव्हा २०१७ साली भारतानेच हेगचा दरवाजा ठोठावला, आणि २०१९ साली निकाल बहुतांशी भारताच्या बाजूने लागला.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा सांगितला आहे. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने विरोध केला आणि सुचवले, की दोघांनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी निवाडा करावा. हेच ते लवादाचे तत्त्व! ठराव मतांनी हरला, पण सिद्धार्थ युद्धात उतरला नाही. त्याने घर सोडले. बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने सिद्ध केलेल्या आपल्या संविधानाच्या कलम ५१ मध्येही आंतरराष्ट्रीय तंटे लवादाने मिटवण्यास उत्तेजन द्यावे, असे राज्याला सांगितले आहे.

नावाने बौद्ध असल्याने युद्ध टळत नाही, हे प्रेह विहारच्या कड्याने दाखवून दिले. निवाडा मानण्याची तयारी लागते. आम्हाला वाटते, येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर मुलांना रोहिणीची गोष्ट सांगावी आणि तिच्या जोडीला कलम ५१ वाचून दाखवावे.