बॅटरीच्या गाडीचा जमाखर्च

आठवडी बाजार करणाऱ्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारा, तो सांगेल की गल्ल्यात आलेला नफा रस्त्यात सांडतो. सकाळी गठ्ठे न्यायचे, संध्याकाळी उरलेला माल परत आणायचा, आणि माल विकला जावो अथवा न जावो, भाडे दोन्ही वेळचे द्यायचे. म्हणूनच यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, आर्णी, घाटंजी, पुसद या भागात कापड, भांडी, चपला, बांगड्या यांचा धंदा करणारे आपले बांधव हल्ली एकमेकांना विचारतात की बॅटरीची गाडी घ्यावी काय? आणि त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो, "एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते?" पहिला प्रश्न दुरुस्त आहे. दुसरा अपुरा आहे, आणि त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

मालवाहू तीनचाकी घेतली तेव्हा विकणाऱ्याने शंभराच्या वरचा आकडा सांगितला होता. दारव्हा इथून चाळीस-बेचाळीस किलोमीटर. जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी धरले तरी शिल्लक राहते, असा माझा हिशेब. गाडीत चादरी आणि ड्रेस मटेरियलचे गठ्ठे गच्च भरले, पोराला पाठवले. परतताना शहर सात-आठ किलोमीटरवर असताना गाडी आधी मंदावली, मग थांबलीच. रात्री दुसरा टेम्पो बोलवावा लागला. त्या टेम्पोच्या भाड्यात त्या दिवसाचा सगळा बाजार गेला. विकणारा खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने सांगितलेला आकडा चाचणीचा होता. माझा रस्ता चढ-उताराचा, समोरून वारा, गाडीत पूर्ण भार, आणि पोराचा पाय सतत दाबलेला. थान फाडण्यापूर्वी आपण गजाने मोजतो, पण बॅटरी मात्र दुसऱ्याच्या मापाने घेतो.

या विषयात जगभर जो तजुर्बा जमा झाला आहे तो आधी पाहू. परदेशात प्लग-इन हायब्रिड नावाची मोटार निघाली. तिला दोन खिसे असतात, एकात पेट्रोल आणि दुसऱ्यात भिंतीच्या प्लगवरून भरलेली वीज. चीनच्या बीवायडी कंपनीने अशी गाडी डिसेंबर २००८ मध्ये विक्रीस आणली. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस शेव्हरोले व्होल्ट आली, २०१३ मध्ये जपानच्या मित्सुबिशीची आउटलँडर आली. कल्पना अशी की गावातला रोजचा तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा विजेवर व्हावा आणि लांब जायचे झाले तर पेट्रोल कामाला यावे. कल्पना उत्तम. पण युरोपियन कमिशनने रस्त्यावरच्या खऱ्या गाड्यांची आकडेवारी २०२४ मध्ये जाहीर केली तेव्हा असे दिसले की या गाड्यांचा धूर कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघतो. मुख्य कारण म्हणजे मालकांनी कागदावर गृहीत धरले होते तितक्या वेळा प्लग लावलाच नाही. कंपनीने नोकराला दिलेल्या गाड्यांत हा प्रकार अधिक. पेट्रोलचे पैसे कंपनी देते, मग रोज संध्याकाळी वायर कोण ओढतो? ज्याचा खर्च त्याच्या हाती किल्ली नसेल तर काय होते, हे गुमास्ता ठेवणाऱ्याला सांगायला नको.

ज्यांनी ती गाडी शहाणपणाने वापरली त्यांची पद्धत मात्र शिकण्यासारखी आहे. पेट्रोलचे इंजिन हमरस्त्यावर एकसारख्या वेगाने चालले तर बरे चालते. बाजारातल्या थांब-चालीत ते तेल फुकट जाळते. विजेच्या मोटरचे उलटे आहे. गर्दीत ती थांबली की खर्च थांबतो, ब्रेकसोबत थोडी वीज परतही येते. जास्त वेगात मात्र हवेचा रेटा बॅटरी भराभर उपसतो. म्हणून जाणकार माणूस घरून निघताना विजेवर, हमरस्त्याला लागला की बॅटरी राखून पेट्रोलवर, आणि पुढचे गाव आले की पुन्हा विजेवर, असा चालतो. त्यासाठी गाडीत शिल्लक राखण्याचे बटण असते. आणखी एक बटण इंजिनकडून बॅटरी भरून घेण्याचे असते. ते शक्यतो दाबू नये. पेट्रोलपासून वीज बनवायची, ती बॅटरीत घालायची, पुन्हा काढायची, प्रत्येक पायरीवर घट. एकाचा माल तीन दलालांच्या हातून घेतल्यासारखे ते आहे.

आपल्याकडे प्लग असलेली हायब्रिड आली ती बीएमडब्ल्यू, व्होल्व्हो अशा कंपन्यांची, तिचे नाव आपण घेऊ नये. साध्या व्यापाऱ्याच्या विचारात येते ती प्लग नसलेली हायब्रिड, म्हणजे मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर, इनोव्हा हायक्रॉस. यातली बॅटरी फार लहान असते. ग्रँड विटारात पाऊण युनिटाची, हायक्रॉसमध्ये दीड युनिटाच्या थोडी वर. (एक किलोवॅट-तास म्हणजे बिलावरचे एक युनिट.) या गाड्या स्वतःच भरतात आणि स्वतःच खर्च करतात, मालकाने करायचे ते फक्त सावकाश ब्रेक लावणे आणि समोरचा सिग्नल लांबून पाहणे. कापडवाल्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवण्यासाठी आतली हवा ओढून घेणारी जाळी असते. ती कुठे आहे ते पुस्तिकेत पाहून घ्यावे, तिच्यावर गठ्ठा टेकवू नये, आणि जाळीत अडकलेले सुताचे तंतू वरचेवर साफ करून घ्यावेत. कापडाची धूळ पंख्यात गेली की बॅटरी तापते, आणि ती बॅटरी स्वस्त नाही. कराचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल हायब्रिडवर १८ टक्के आणि त्याहून मोठीवर ४० टक्के जीएसटी आहे. वर सांगितलेल्या तिन्ही मोठ्या वर्गातल्या. निव्वळ बॅटरीच्या गाडीवर ५ टक्के. हा फरक लहान नाही.

आता आपल्या खऱ्या कामाची गाडी, मालवाहू तीनचाकी. महिंद्राची ट्रिओ झोर, पियाजिओची आपे इलेक्ट्रिक (पियाजिओचा कारखाना आपल्या बारामतीत आहे) आणि अशाच इतर. बॅटरी साधारण सात-आठ युनिटांची, माल पाच क्विंटलच्या आसपास. व्यापारी वापराच्या बॅटरी गाड्यांना परमिटची सक्ती २०१८ मध्ये केंद्राने उठवली. नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना मात्र लागतोच.

महाराष्ट्राला हा विषय अगदी नवा आहे असेही नाही. सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकातच सायकलरिक्षावर बॅटरी आणि मोटर बसवण्याचे काम सुरू केले होते. त्यातल्या एका नमुन्यात माणूस पेडल मारत राही आणि चढावर मोटर त्याला हात देई. दोन खिशांची गाडी ती हीच, फक्त पेट्रोलच्या जागी माणसाचे पाय. ज्याला चढावर मदत हवी त्याने सपाटीवर बॅटरी जाळू नये, हे त्या रिक्षावाल्याला पायानेच कळत असणार.

चढाचा हिशेब आपणही करू शकतो. यवतमाळ साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, वर्धा त्याच्या सुमारे दोनशे मीटर खाली. गाडी, माल आणि चालक मिळून एक टन धरा. हा एक टन दोनशे मीटर वर चढवायला निव्वळ अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त वीज लागते, मोटरची घट धरून पाऊण युनिटापर्यंत. म्हणजे साडेसात युनिटांच्या बॅटरीतला दहावा हिस्सा फक्त उंचीने खाल्ला. सपाटीवर तेवढ्यात सात-आठ किलोमीटर झाले असते. माझी गाडी जिथे थांबली तिथून शहर तेवढेच लांब होते! म्हणून वरच्या गावी राहणाऱ्याने निम्मी बॅटरी जायला आणि निम्मी यायला असे वाटे करू नयेत. परतीचा वाटा मोठा ठेवावा. आणि निघतानाच उतार असेल तर बॅटरी काठोकाठ भरू नये, कारण भरलेल्या बॅटरीत ब्रेकची वीज घ्यायला जागाच नसते.

बॅटरी कोणत्या जातीची आहे, हे विचारल्याशिवाय सौदा करू नये. आपल्या सगळ्यांच्या घरी लोडशेडिंगच्या काळापासून इन्व्हर्टर आहे आणि आपल्या सवयी त्याच बॅटरीच्या आहेत. ती लेड-अॅसिडची. तिला नेहमी भरलेली ठेवायची, पार रिकामी होऊ द्यायची नाही, डिस्टिल्ड पाणी पाहत राहायचे. स्वस्त ई-रिक्षात अजूनही तीच येते, आणि चालक रोज तिचा तळ गाठतो म्हणून वर्ष-दीड वर्षात ती बसते. लिथियमची तऱ्हा वेगळी. तिलाही तळ नको, पण उन्हात काठोकाठ भरून उभी ठेवणेही तिला सोसत नाही. उष्णता दर दहा अंशांनी वाढली की आतली झीज जवळपास दुप्पट होते, असा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून वर. दुपारी बाजारातून तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावणे म्हणजे धापा टाकणाऱ्या बैलाला जेवू घालून पुन्हा जुंपणे. तास-दोन तास सावलीत उभी करावी, मग लावावी. रात्री लावली तर ती पहाटे निघण्याच्या सुमारास भरेल अशी वेळ साधावी. रोजच्या जवळच्या फेऱ्यांना ऐंशी टक्के पुरत असेल तर शंभर करू नये. लिथियममध्येही लोह-फॉस्फेटची जात असेल तर तिला अधूनमधून पूर्ण भरावे लागते, नाहीतर काटा चुकीची शिल्लक दाखवतो. पुस्तिकेत जे लिहिले असेल ते शेजाऱ्याच्या सल्ल्याहून मोठे समजावे, माझ्या सल्ल्याहूनही.

अमेरिकेतल्या पहिल्या व्होल्टमध्ये १६ युनिटांची बॅटरी होती, पण कंपनी मालकाला त्यातली दहाच्या आसपासच वापरू देत असे. वरचा आणि खालचा भाग कुलपात. दुकानाचे सगळे भांडवल मालात घालत नाहीत, तसेच.

आता जी गोष्ट सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही ती. कापडाच्या गोदामात गाडी चार्जिंगला लावू नका. पुष्कळ जण चोरीच्या भीतीने रात्री गाडी आत घेतात आणि पंख्याच्या बोर्डावरून लांब वायर ओढतात. बारीक वायर तासन्‌तास तापते, आणि तिच्या शेजारी कापसाचे, सिंथेटिकचे गठ्ठे. लेड-अॅसिड असेल तर भरताना हायड्रोजन वायू सुटतो, बंद खोलीत तो साचतो. २०२२ मध्ये देशात बॅटरीच्या दुचाकी पेटल्याच्या घटना झाल्या, त्यानंतर केंद्राने दोन-तीनचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-१५६ हे मानक कडक केले. गाडी घेताना ती या मानकाची आहे काय, हे कागदावर पाहा. आणि बाहेर पडवीत, सावलीत, चांगले अर्थिंग असलेला सोळा अँपिअरचा वेगळा पॉइंट वायरमनकडून काढून घ्या. त्याचा खर्च एका गठ्ठ्याच्या किमतीपुढे काहीच नाही.

वीज बिलाकडेही लक्ष हवे. रोज सात युनिटे, महिन्यात सव्वीस दिवस, म्हणजे एकशे ऐंशीच्या वर युनिटे झाली. घरच्या मीटरवर हे चढवले की वापर वरच्या टप्प्यात जातो आणि त्या टप्प्यातल्या युनिटांचा दर वाढतो. दुकानाच्या मीटरचा दर तर निराळाच. गाडी घेण्यापूर्वी महावितरणच्या कार्यालयात आपले बिल घेऊन जावे आणि भार वाढवणे, वेगळे मीटर, दर, हे सगळे विचारून यावे. किलोमीटरला एक दशांश युनिट धरले आणि युनिट दहा रुपयांना पडले तरी किलोमीटरला एक रुपया होतो. डिझेलची तीनचाकी लिटरला तीस गेली आणि लिटर नव्वदला घेतले तर तीन रुपये. या दोन रुपयांच्या फरकातून हप्ता निघेल काय, हे तुमच्या रोजच्या किलोमीटरवर ठरते. रोज पंधरा-वीस किलोमीटरच फिरणाऱ्याला ती गाडी महाग पडेल. सत्तरच्या वर फिरणाऱ्याला बॅटरी पुरणार नाही. मधल्या माणसाची ती गाडी आहे.

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांचे नियोजन वेगळे करावे लागते. तरावीहनंतर बाजार भरतो, मध्यरात्रीनंतरही गिऱ्हाईक असते, गोदामातून दुकानात माल आणणे थांबत नाही. रात्रीच्या चार्जिंगची सवय तेव्हा मोडते. आम्ही फजरनंतर गाडी लावतो आणि जोहरपूर्वी काढतो. पुढची काही वर्षे रमजान थंडीत येणार आहे, त्यामुळे सकाळच्या उन्हाची भीती नाही.

दारव्ह्याचा बाजार आम्ही सोडलेला नाही. तिथे माल भाड्याच्या डिझेल पिकअपमध्ये दोन दुकानदार मिळून पाठवतो, आणि बॅटरीची गाडी शहरात व कळंबच्या बाजूच्या जवळच्या गावांत फिरते. पोराला एक वही दिली आहे. निघताना काटा किती, परतल्यावर किती, किलोमीटर किती, माल किती क्विंटल. पहिल्या तीन महिन्यांत त्या वहीने सांगितले की पूर्ण भारात आमची गाडी सत्तरपर्यंतच जाते, आणि चाकात हवा कमी असेल तर त्यातूनही चार-पाच किलोमीटर जातात. बॅटरीच्या वॉरंटीसाठी भांडायची वेळ आली तर हीच वही पुढे ठेवायची आहे, म्हणून गाडीच्या बिलावर बॅटरीचा नंबर, वॉरंटीची वर्षे आणि किती टक्के क्षमता उरली म्हणजे ती बदलून मिळेल, हे तिन्ही शिक्क्यानिशी लिहून घेतले आहे.