छतावर सौरसंच असूनही वीज का जाते?
जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळांसाठी बॅटरीविना पर्यायी विजेचा विचार

मे महिन्यातील भर दुपारी वीजपुरवठा खंडित होतो. जैविक कीडनियंत्रण प्रयोगशाळेच्या छतावरील सौरपॅनेलवर लख्ख ऊन असते. तरीही खाली संगोपन कक्षातील कूलर आणि पंखे थांबतात. सौरसंच बसविल्यावर वीज गेलीच कशी, हा प्रश्न तेथील कर्मचाऱ्यांप्रमाणेच घरावर संच बसविलेल्या शेतकऱ्यांनाही पडतो. संच नादुरुस्त झालेला नसतो. तो रचनेनुसारच बंद झालेला असतो.

ट्रायकोग्रामा या परोपजीवी गांधीलमाशीचे गुणन कॉर्सायरा पतंगाच्या अंड्यांवर केले जाते. संगोपन कक्षात साधारण २६ अंश सेल्सिअस तापमान व पुरेशी आर्द्रता राखावी लागते. कॉर्सायराची एक पिढी पूर्ण होण्यास सुमारे ४० ते ४५ दिवस लागतात. कक्षाचे तापमान ३५ अंशांपुढे गेल्यास ट्रायकोग्रामाचे प्रौढ बाहेर पडण्याचे प्रमाण आणि माद्यांची अंडी घालण्याची क्षमता घटते. सुमारे २०,००० अंड्यांचे ट्रायकोकार्ड वरून निर्दोष दिसते. उणीव कळते ती उसात खोडकिडीचा प्रादुर्भाव वाढल्यावर. तोवर शेतकऱ्याचा जैविक उपायांवरील विश्वासही उडालेला असतो.

संच का थांबतो?

बोलीभाषेत ‘इन्व्हर्टर’ म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर दिवे-पंखे चालविणारे यंत्र. छतावरील ऑन-ग्रिड इन्व्हर्टरचे काम निराळे आहे. तो ग्रिडमधील व्होल्टेज व ५० हर्ट्झ वारंवारिता पाहून त्याच्याशी जुळणारी वीज पुरवतो. ग्रिड बंद होताच त्याचा हा आधार नाहीसा होतो. शिवाय वाहिनी बंद करून खांबावर काम करणाऱ्या वायरमनला एखाद्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू शकतो. म्हणून वीज जाताच इन्व्हर्टरने आपोआप बंद होणे बंधनकारक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेमुळे छतावरील संच वाढत असताना ही बाब प्रत्येक लाभार्थ्यास ठाऊक असावयास हवी.

बॅटरीविना वीज मिळणे शक्य आहे काय?

शक्य आहे, मात्र मर्यादित. काही इन्व्हर्टरमध्ये ग्रिडपासून पूर्णतः विलग असे स्वतंत्र सॉकेट असते. वीज गेल्यावर त्यातून उन्हाच्या प्रमाणात थोडी वीज घेता येते. जपानमधील घरगुती सौर इन्व्हर्टरमध्ये ही सोय सर्रास आढळते आणि तिची मर्यादा सामान्यतः १५०० वॅट असते. दुसरा पर्याय हायब्रिड इन्व्हर्टरचा. त्याच्या काही मॉडेलमध्ये बॅटरी न जोडताही आपत्कालीन जोडणी चालते, तर काहींमध्ये बॅटरी अनिवार्य असते.

मर्यादा समजण्यासाठी सौर कृषिपंपाचे उदाहरण उपयुक्त ठरते. तो पंप बॅटरीविना चालतो, कारण ढग आल्यावर नियंत्रक मोटरची गती कमी करतो. पाणी कमी येते, पण पंप चालू राहतो. सामान्य कूलर वा फ्रिज यांना मात्र स्थिर व्होल्टेज लागते. ढगामुळे उपलब्ध वीज मागणीपेक्षा कमी झाली, तर संपूर्ण जोडणी बंद पडते. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह खेचतो. त्यामुळेही ती बंद पडू शकते. रात्री अर्थातच काहीही मिळत नाही.

कोणती उपकरणे जोडावीत?

संगोपन कक्षाच्या बाबतीत एक गोष्ट अनुकूल आहे: तापमानाचा धोका आणि सौरवीज दोन्ही दुपारीच येतात. साधारण २०० वॅटचा कूलर, दोन-तीन पंखे आणि एक एक्झॉस्ट पंखा मिळून ५०० वॅटच्या आसपास भार होतो. निरभ्र दुपारी तीन किलोवॅटच्या संचावर तो सहज चालू शकतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र मात्र या जोडणीवर ठेवू नये.

ट्रायकोकार्ड साठविण्याच्या फ्रिजसाठी वेगळा विचार करावा. त्यात गोठविलेल्या जेलपॅक ठेवल्या आणि वीज नसताना दार उघडले नाही, तर थंडावा काही तास टिकतो. मात्र पॅक कार्डांना चिकटून ठेवू नयेत. लस साठविण्यासाठी वापरले जाणारे बॅटरीविरहित सौर फ्रिज याच तत्त्वावर चालतात: दिवसा बर्फ साठवितात आणि रात्री त्यावर थंड राहतात.

हे कटाक्षाने टाळावे

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर चालू राहावा म्हणून घरगुती इन्व्हर्टर वा लहान जनरेटर त्याला परस्पर जोडू नये. वापरापेक्षा जास्त झालेली सौरवीज त्या यंत्रांत उलट शिरून बिघाड वा आग होऊ शकते. दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने सॉकेटमधून घरात वीज सोडणे तर जीवघेणे आहे. ती वीज वाहिनीवरील कामगारापर्यंत पोहोचते.

खरेदीपूर्वी

विस्तार कार्यकर्त्यांनी संच घेणाऱ्यांना पुढील बाबी समजावून सांगाव्यात.

१. वीज नसताना कोणती उपकरणे, किती वेळ आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी चालावयास हवीत, याची वॅटसह यादी करावी.
२. ‘ग्रिड व बॅटरी दोन्ही नसताना हे मॉडेल किती वॅट देईल?’ याचे उत्तर पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.
३. अत्यावश्यक उपकरणांचे वायरिंग सुरुवातीलाच वेगळे ठेवावे. बदल परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून व वीज वितरण कंपनीला कळवूनच करावेत.
४. संच बसविल्यावर दुपारी मुख्य स्विच बंद करून चाचणी घ्यावी.
५. रात्रीचीही गरज असल्यास त्या भारापुरती बॅटरी किंवा नियमानुसार जोडलेला जनरेटर ठेवावा.

बॅटरीविरहित सोय संपूर्ण इमारतीसाठी नाही. दुपारच्या काही तासांपुरता संगोपन कक्ष सावरण्यासाठी आहे. तेवढ्यानेही दीड महिन्याचे गुणन वाचते आणि शेतकऱ्याच्या हाती सक्षम ट्रायकोकार्ड पडते. मात्र हा निर्णय संच छतावर चढण्यापूर्वीच घ्यावा लागतो.