जुन्या गोव्याचे बॉम जेझस बॅसिलिका

पणजीच्या पूर्वेस सुमारे ९ किलोमीटर अंतरावर, मांडवीच्या काठी जुने गोवे वसले आहे. पोर्तुगीज राजवटीची ही एके काळची राजधानी. येथील चर्चवास्तूंचा युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांपैकी बॉम जेझस बॅसिलिका पर्यटकांना व भाविकांना सारखेच खुणावते, कारण सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष येथे जतन केलेले आहेत.

संताचा देह किंवा त्याच्या वापरातील वस्तू यांना कॅथलिक परंपरेत पवित्र अवशेष मानतात. त्यांची उपासना केली जात नाही. त्यांना आदरपूर्वक वंदन केले जाते. स्तूपातील धातूंपुढे वा संतांच्या समाधीपुढे नतमस्तक होणाऱ्या भारतीय मनाला ही भावना परकी वाटू नये.

स्पेनमधील नवारा प्रांतात १५०६ मध्ये जन्मलेले झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. अस्थी लवकर नेता याव्यात म्हणून दफन करताना देहावर चुना टाकण्यात आला. परंतु काही महिन्यांनी पाहिले असता देह टिकून असल्याचे आढळले, असे तत्कालीन वृत्तान्त सांगतात. मलाक्कामार्गे १५५४ मध्ये तो गोव्यात आणला गेला. उजव्या हाताचा कोपराखालील भाग १६१४ मध्ये रोमला नेण्यात आला. १६२२ मध्ये त्यांना संतपद प्राप्त झाले. ‘गोंयचो सायब’ म्हणून गोमंतकीय आजही त्यांचे स्मरण करतात.

चर्चचे बांधकाम १५९४ मध्ये सुरू होऊन १६०५ मध्ये पूर्णत्वास गेले. आत शिरताच सोनेरी मुलाम्याची भव्य मुख्य वेदी दृष्टीस पडते. उजवीकडील दालनात संतांची चांदीची पेटी आहे. गोव्याच्या कारागिरांनी ती १६३६-३७ मध्ये घडविली. ती ज्या संगमरवरी चौथऱ्यावर विराजमान आहे, तो फ्लोरेन्सचे शिल्पकार फोजिनी यांनी घडविला. टस्कनीचे ड्यूक तिसरे कोसिमो यांची ही भेट १६९८ मध्ये येथे बसविण्यात आली. पूर्व आणि पश्चिम येथील कलांचा असा संगम क्वचितच पाहावयास मिळतो.

दर दहा वर्षांनी हे अवशेष समोरच्या से कॅथेड्रलमध्ये दर्शनासाठी ठेवले जातात. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. एरवी पेटी उंचावर असल्याने दर्शन दुरूनच घ्यावे लागते.

अवशेषांची निगा राखली जात असली, तरी त्यांना आसरा देणाऱ्या भिंतींची चिंता वेगळीच आहे. चर्चचा तांबूस रंग मूळचा नव्हे. जांभ्या दगडावर पूर्वी चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या सुमारास तो काढण्यात आला. सच्छिद्र जांभा कोकणातील मुसळधार पावसात पाणी शोषतो आणि हळूहळू झिजतो. गिलावा पुन्हा करावा, की सर्वांच्या परिचयाचे रूप राखावे, यावर मतभेद आहेत. प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही, वास्तूच्या आयुष्याचा आहे.

प्रवेशास शुल्क नाही. कोकण रेल्वेचे करमळी स्थानक जवळ आहे, तर पणजीहून बसगाड्या मिळतात. सभ्य पोशाख असावा, प्रार्थनेच्या वेळी शांतता पाळावी आणि भिंतींना हात लावण्याचा मोह टाळावा. चार शतकांचा हा ठेवा पुढील पिढ्यांच्या हाती सुखरूप सोपविण्यात पाहुण्यांचाही वाटा आहे.