कर्करोग-संशोधनात रुग्णाचा वाटा

नव्या औषधाची माणसांवर चाचणी म्हटली, की सर्वसामान्य माणसाच्या मनात पहिला शब्द येतो तो ‘गिनिपिग’. ही भीती अगदीच निराधार नाही. १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण महिलेच्या कर्करोगग्रस्त पेशी तिच्या अनुमतीवाचून प्रयोगशाळेत गेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेल्या.

पण इतिहासाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. १९४७-४८ मध्ये बोस्टन येथे डॉ. सिडने फार्बर यांनी रक्ताच्या तीव्र कर्करोगाने ग्रासलेल्या १६ मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले होते. १० मुलांना लक्षणीय आराम पडला. मात्र तो टिकला नाही. तरीही औषधाने हा रोग मागे हटू शकतो, हे त्या मुलांमुळे दिसून आले. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगातून आज योग्य उपचार मिळालेली बहुसंख्य मुले बरी होतात, ती याच वाटेवरील पुढील संशोधनामुळे.

पहिल्या टप्प्यातील चाचणीचे खरे स्वरूप या उदाहरणात दिसते. ती थोड्या रुग्णांवर होते. औषध किती मात्रेत शरीराला सोसवते, हा तिचा मुख्य प्रश्न असतो. रोगमुक्तीचे आश्वासन ती देत नाही. ही गोष्ट दडवून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे.

भारतातही एक उपचार याच मार्गाने उभा राहिला. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशींवर प्रक्रिया करून त्यांना कर्करोगाशी लढावयास सज्ज करणारी कार-टी पद्धती मुंबईच्या आयआयटीने टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने विकसित केली. २०२१ साली ती पहिल्या रुग्णाला देण्यात आली. चाचण्यांत ६४ रुग्ण सहभागी झाले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला शासकीय मान्यता मिळाली.

चाचणीत दाखल होणे प्रत्येकाला शक्य नसते, आणि ते कोणाचे कर्तव्यही नाही. परंतु शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा अंश व रक्ताचा नमुना संशोधनासाठी जतन करण्यास संमती देता येते. चाचणीतील रुग्णाने औषधाचा त्रास मुकाट्याने न सोसता डॉक्टरांना तंतोतंत सांगावा. पुढच्या रुग्णाची मात्रा ठरविताना त्याचाच आधार घेतला जातो. उपचार संपल्यावर तपासणीस येत राहणे हेही मोठे साहाय्य होय. गावी परतलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले हे न कळल्यास चाचणीचे निष्कर्ष लंगडे पडतात.

या सहकार्याच्या बदल्यात रुग्णाला हक्क आहेत. चाचणीतून तो केव्हाही बाहेर पडू शकतो. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळावयास हवी. नैतिकता समितीत सामान्य नागरिकाला स्थान असते, आणि चाचण्यांची राष्ट्रीय नोंद २००९ पासून सक्तीची आहे.

मात्र खानदेशातून वा विदर्भातून मुंबईस आलेल्या शेतकऱ्याला संमतिपत्र त्याच्या भाषेत समजावून सांगण्यास कोणाला अर्धा तास मिळणार नसेल, तर त्याच्या सहीला काय अर्थ उरतो? मोठ्या रुग्णालयांनी या कामासाठी स्वतंत्र माणसे नेमावीत, आणि चाचणीचा निष्कर्ष काय निघाला हे सहभागी रुग्णांना व त्यांच्या कुटुंबीयांना पत्राने कळवावे. रुग्णाकडे सहकार्य मागण्यापूर्वी एवढी व्यवस्था करणे हे संशोधकांचे काम आहे.