देव सोडला, दहाव्याचं काय?

मराठी मध्यमवर्गीय हिंदू घरात एखादं पोर देव मानेनासं झालं म्हणून कुणावर आभाळ कोसळत नाही. कॉलेजात जातंय, चार पुस्तकं वाचतंय, उतरेल डोक्यातून, असं म्हणून आई विषय सोडून देते. कुरबुर सुरू होते ती पुढे, सत्यनारायणाला पाटावर कुणी बसायचं यावरून. ‘तू मानू नकोस, पण माझ्यासाठी बस’ हे वाक्य मग ऐकावं लागतं, आणि त्याला उत्तर देणं ईश्वर आहे की नाही याला उत्तर देण्यापेक्षा अवघड असतं. आपल्याकडे धर्म मनात किती आहे हे कुणी विचारत नाही. हात जोडले की नाहीत, एवढंच बघतात.

मित्रांचं त्यामानाने सोपं. ‘नास्तिकाला उकडीचा मोदक चालतो का रे?’ ही थट्टा वर्षानुवर्षं चालते आणि मोदकही चालतो. मैत्री मोडायला श्रद्धा-अश्रद्धेच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं. 1882 साली कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले. आगरकरांचा ईश्वरावर विश्वास नव्हता, हे काही त्यांच्या मित्राला नवं नव्हतं. बिनसलं ते सामाजिक सुधारणांवरून आणि त्यांच्या शिक्षणसंस्थेच्या कारभारावरून. 1888 मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला आणि ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ या दोन्ही पत्रांतून वार-प्रतिवार झाले. तरीही 1895 च्या जूनमध्ये आगरकर गेले तेव्हा ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला तो टिळकांनीच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दुसऱ्या टिळकांनी, म्हणजे कवी नारायण वामन टिळकांनी, मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांनी एक धर्म सोडून दुसरा धरला, हा फरक आहेच. पण घरावर काय गुदरतं हे पाहायला मराठीत त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या, ‘स्मृतिचित्रे’इतकं धडधडीत पुस्तक नाही. नवरा हयात, कुंकू शाबूत, पण त्याच्या पंक्तीला बसायची सोय नाही. विधवेचं काय करायचं हे समाजाला पाठ होतं. या बाईला कुठल्या रकान्यात बसवायचं ते कुणालाच कळेना. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. धर्मांतरामुळे जोडीदाराने टाकलं तर लग्न मोडून घ्यायची सोय ख्रिस्ती झालेल्यांसाठी 1866 च्या कायद्याने करून ठेवली होती. टिळकांनी ती वाट धरली नाही. काही वर्षांनी दोघं पुन्हा जवळ आली तेव्हाही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं आणि चूल-पाणी सांभाळलं. ते गळून पडलं ते रोजच्या जगण्यात, टप्प्याटप्प्याने. 1900 साली त्यांनी स्वतःहून बाप्तिस्मा घेतला.

धर्म सोडणाऱ्याचं चरित्र लिहिलं जातं. त्याच्या निर्णयाची उधारी बहुतेक वेळा बायको नाहीतर आई फेडत असते. आजही मुलाने मुंज नाकारली की ‘असं कसं वळण लावलंत?’ हा प्रश्न हळदीकुंकवाला आईला ऐकवतात, बापाला ऑफिसात कुणी विचारत नाही.

सगळ्यांना हा निर्णय सारख्याच किमतीला पडतो असंही नाही. जन्माने हिंदू असलेला नास्तिक कायद्याच्या लेखी हिंदूच राहतो; त्याचा वारसाहक्क, लग्नाचा कायदा, काहीच बदलत नाही. देव नाकारणारी दर्शनंही आपल्या परंपरेत आहेत, असं सांगून काका त्याला परत पंगतीत ओढतात. मुस्लिम घरातल्या माणसाला ही गादी अंथरलेली नसते. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई यांनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 3 मे 1977 रोजी ते वारले. कोणताही धार्मिक विधी नको, दफन न करता दहन करा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं. त्याप्रमाणे झालं, कारण पत्नी मेहरुन्निसा त्या इच्छेमागे उभ्या राहिल्या. नात्यागोत्याच्या माणसांसमोर, नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशी हे करणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

बाकी सणवार निभावून नेता येतात. कुणी आरतीला ताम्हन धरतं पण म्हणत नाही, कुणी त्या वेळात पानं वाढायला घेतं. अशा तडजोडींना ढोंग म्हणणारे कडवे लोक असतात. मला त्यात घरातल्या माणसांबद्दलची माया जास्त दिसते. अडतं ते मृत्यूपाशी. वडिलांच्या दहाव्याला कावळा शिवत नाही, बहीण रडवेली झालेली, भटजी घड्याळ बघतायत आणि काका म्हणतात, ‘अरे, काय इच्छा राहिली असेल त्यांची, कबूल कर.’ तिथे कर्मकांडावर भाषण देणारा माणूस बरोबर असला तरी वर्षभर त्याच्याशी कुणी धड बोलत नाही. ज्यांनी वडिलांच्या हयातीतच, त्यांच्याच तोंडून ‘माझं काही करू नका’ हे सगळ्यांसमोर वदवून घेतलं, त्यांच्या घरी हा पेच कमी येतो.

नास्तिकाची स्वतःची वेळ येते तेव्हा तर सगळा कारभार इतरांच्याच हातात असतो. अनेक जण देहदानाचा अर्ज भरून निश्चिंत होतात. पण मेडिकल कॉलेजला कळवायचं नातेवाइकांनी, कागद पुरे करायचे त्यांनीच. वारसांनी नको म्हटलं तर प्रत्यक्षात देह स्वीकारला जात नाही. म्हणून जाणती मंडळी अर्जावर साक्षीदार म्हणून घरातल्यांचीच सही घेतात. आणि शक्यतो घरातल्या सगळ्यांत देवभोळ्या माणसाची.