उन्हाला पुरून उरणारी आमरी

युरोपातल्या रोपवाटिकांमध्ये काही आमरींना, म्हणजे ऑर्किडना, ‘काटक’ म्हणून वेगळा मान असतो. तिथे काटक म्हणजे थंडी सोसणारी. हिमालयात आणि युरोपात वाढणारी सिप्रिपीडियम ही चपलेच्या आकाराच्या फुलाची आमरी हिवाळाभर बर्फाखाली गाडली जाते आणि वसंतात पुन्हा कोंब काढते. आपल्याकडे परीक्षा उलटी. बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात मे महिन्याच्या दुपारी उभं राहा आणि पायाखालच्या मुरमात एखादी नाजूक आमरी जगू शकेल का, याचा विचार करा. उत्तर ‘नाही’ असंच येईल. तरीही याच जुन्नर तालुक्यात, अशाच उन्हात, आमरी जगतात. फक्त त्या वेळी त्या दिसत नाहीत.

बेल्ह्याहून आळेफाटा, जुन्नर, आपटाळे, चावंड करत घाटघरला गेलं की तालुका संपतो आणि नाणेघाटाचा कडा सुरू होतो. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवर उतरलेले असतात. तोच पाऊस बेल्हे-आण्याकडे येईपर्यंत दुष्काळी पट्ट्यातला होऊन जातो. पण एका बाबतीत तालुक्याची दोन्ही टोकं सारखी आहेत. ऑक्टोबर सरला की पुढचे सात-आठ महिने पावसाची आशा दोन्हीकडे नाही. घाटमाथ्यावरच्या सड्यांवर तर काळ्या कातळावर जेमतेम वीतभर माती. ती जानेवारीतच कोरडी पडते आणि एप्रिलमध्ये तव्यासारखी तापते.

या सड्यांवर राज्य आहे ते हॅबेनारिया या कुळीचं. तिची युक्ती बेल्ह्याच्या शेतकऱ्याला लगेच कळेल, कारण उन्हाळी कांदा चाळीत साठवून तो तेच करतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत पानांनी कमावलेलं सगळं जमिनीखालच्या कंदात भरायचं, वरचं पान-दांडा सोडून द्यायचा आणि बाजार सुधारेपर्यंत गप्प बसायचं. फुललेल्या रोपाच्या मुळाशी बहुधा दोन कंद असतात. सुरकुतलेला असतो तो गेल्या वर्षीचा. यंदाचा दांडा त्याच्याच जिवावर उभा राहिलेला. दुसरा टणक आणि भरलेला, तो पुढच्या वर्षीचा. म्हणजे हे झाड दरवर्षी स्वतःच्या जागी स्वतःचाच वारस बसवतं. ऑगस्टमध्ये हौसेनं रोप उपटणारा माणूस एक फूल नेत नाही, त्या झाडाचं पुढचं सगळं आयुष्य नेतो.

जागं होण्याची वेळ प्रत्येक जातीची ठरलेली. जूनच्या पहिल्या पावसात हॅबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस वर येते. जमिनीला चिकटलेलं एखादंच रुंद पान आणि त्यातून निघालेल्या आखूड दांड्यावर पांढरी फुलं. ब्लॅटर आणि मॅकॅन या मुंबईच्या अभ्यासकांनी १९३२ मध्ये तिला हे जीभ वळवणारं नाव दिलं. ऑगस्ट-सप्टेंबरात हॅबेनारिया हेनियाना फुलते. तिची पांढरी फुलं दांड्याच्या एकाच बाजूला दाटीनं लागतात, म्हणून इंग्रजीत तिला टूथब्रश ऑर्किड म्हणतात. एकदा पाहिली की विसरणं शक्य नाही. पिवळी फुलं आणि पानाला पिवळसर कड दिसली तर ती हॅबेनारिया मार्जिनाटा असण्याची शक्यता मोठी. नर्व्हिलिया सगळ्यांहून विक्षिप्त. आधी नुसतं फूल येतं, पानाचा पत्ता नाही. फूल वाळून गेलं की मग एकच एक पान उगवतं. त्यामुळे फूल पाहणाऱ्याला पान ठाऊक नसतं आणि पान पाहणाऱ्याला फूल.

ओळख पटवायची तर रंगावर जाऊ नका. पांढऱ्या रंगाची फुलं सड्यावर शेकड्यानं असतात. आधी हे आमरीचंच फूल आहे ना, ते पाहा. बाहेरची तीन निदलं, आतल्या तीन पाकळ्या आणि त्या तिनांपैकी एक इतर दोघींपेक्षा साफ वेगळी. तिला ओठ म्हणतात. ओठ अखंड आहे की तीन भागांत चिरलेला, त्याच्या कडा सरळ की झालरीच्या, यावर अर्धी ओळख होते. मग फुलाच्या मागे वळा. तिथे पोकळ नळी लोंबत असेल, ती शुंडिका. हॅबेनारिया लाँजिकॉर्निक्युलाटाची शुंडिका चार-पाच इंचांपर्यंत लांब भरते. हॅबेनारियाची जवळची बहीण पेरिस्टायलस हिची मात्र बहुधा एवढीशी, पिशवीसारखी.

आणि भिंग असेल तर फुलामागचा देठासारखा भाग नीट पाहा. तो पिळलेला दिसेल. तो खरं तर बीजकोश. कळीत ओठ वरच्या बाजूला असतो आणि उमलताना फूल स्वतःला अर्धा फेरा वळवून घेतं. तेव्हा कुठे ओठ खाली येतो आणि कीटकाला उतरायला जागा होते. मला विचाराल तर साऱ्या सड्यावर याहून अचाट गोष्ट नाही, आणि ती पाहायला कुठला महागडा कॅमेरा लागत नाही.

लांब शुंडिकेच्या तळाशी मध. तिथवर पोचणारी सोंड फक्त पतंगांकडे असते, म्हणून अशी फुलं पांढरी आणि सांज झाली की सुगंधी. पतंगानं डोकं खुपसलं की परागांची गाठोडी त्याला चिकटतात आणि पुढच्या फुलावर पोचतात. मादागास्करच्या एका आमरीची फूटभर शुंडिका पाहून चार्ल्स डार्विननं १८६२ मध्ये लिहिलं, की इतकी लांब सोंड असलेला पतंग तिथे असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ मध्ये नोंदला गेला. तोवर डार्विनला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

एवढी काटक झाडं, मग कुंडीत का लावू नयेत? इथे गाडं अडतं. आमरीचं बी म्हणजे धूळ. एका बोंडात लाखो बिया मावू शकतात, पण बाळ रोपाला पुरेल अशी शिदोरी एकीतही नसते. मातीतली ठरावीक बुरशी बीजात शिरली आणि तिनं अन्न पुरवलं, तरच अंकुर जगतो. ही गोष्ट १८९९ मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानं उलगडली. १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसननं बुरशीऐवजी साखर घातलेल्या अगारवर बी रुजवून दाखवलं आणि आमरी कारखान्यात तयार होऊ लागल्या. सड्यावरच्या कंदाला मात्र ही सोय नाही. कंद घरी येतो, त्याची माती तिथेच राहते. त्यात आपण प्रेमानं उन्हाळ्यात पाणी घालतो आणि झोपलेला कंद सडतो. दुष्काळ पचवणारं झाड दयेनं मरतं.

घरी वाढवायच्या त्या संकरित जाती. माणसानं केलेल्या आमरीच्या पहिल्या संकराला १८५६ मध्ये इंग्लंडात फूल आलं. जॉन डॉमिनी या माळ्यानं व्हीच यांच्या रोपवाटिकेत कॅलँथीच्या दोन जातींचा तो संकर केला होता. ते फूल पाहून वनस्पतिशास्त्रज्ञ लिंडली, आता तुम्ही आम्हाला वेडं करणार, अशा अर्थाचं काही म्हणाल्याचं सांगतात. झालंही तसंच. आज नोंदलेले संकर लाखाच्या वर आहेत आणि नावाची चिठ्ठी हरवली तर नुसत्या फुलावरून संकर ओळखणं जवळपास अशक्य. म्हणून रोप घेताना चिठ्ठी मागून घ्या आणि सांभाळा.

बेल्ह्यासारख्या कोरड्या हवेत कुठली आमरी टिकेल? थंड, दमट हवेच्या नाजूक जाती विसराच. डेंड्रोबियमचे संकर शेडनेटखाली, नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि विटेचे खडे भरलेल्या कुंडीत प्रयत्न करण्यासारखे. माती अजिबात नको. पण माझं मत विचाराल तर खरी गावरान काटक आहे रास्ना, व्हँडा टेसेलाटा. आंब्यासारख्या झाडांच्या फांदीवर ती उघड्यावर राहते. तिच्या मुळांवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं जाड आवरण असतं. कोरडं असताना पांढरं. पाण्याचा शिडकावा झाला की ते पाणी शोषून घेतं आणि आतली हिरवाई दिसू लागते. पानं जाड, चिवट. फूल पिवळसर-तपकिरी नक्षीचं, ओठ निळसर-जांभळा आणि वास गोड. या वासासाठी जगभरच्या संकरकारांनी तिला हाताशी धरलं. सुगंधासाठी नावाजलेली ‘व्हँडा मिमी पामर’ हिच्या जन्मदात्यांपैकी एक आपली ही रास्नाच.

आणि तिलाच आपण बांडगूळ समजून खरवडून काढतो. बांडगुळाची मुळं फांदीच्या आत घुसून रस ओढतात. रास्नाची मुळं सालीला फक्त धरून असतात, आंब्याच्या घासातला कणही घेत नाहीत. फरक ओळखणं सोपं आहे. फांदीवरून लोंबणारी जाड पांढरी मुळं आणि दोन ओळींत बसलेली पट्टीसारखी पानं दिसली, तर ती आमरी. आंब्याची छाटणी करताना तेवढी फांदी राहू द्या. आणि ऑगस्टमध्ये नाणेघाटाला गेलात तर मळलेली वाट सोडू नका, फोटो हवे तेवढे काढा, खुरपं घरी ठेवा.